नसलेल्या देशाचे संगीत

परवा एका ओळखीच्या घरी गेले होते. अकरावीतली मुलगी आतल्या खोलीत दार लोटून, कानांवर हेडफोन चढवून बसलेली. समोर संगणक, त्याला जोडलेला छोटा कीबोर्ड आणि भिंतीवर तिनेच काढलेला एक नकाशा. त्यात घाटमाथ्यावरचे जंगल, वडाच्या पारंब्यांत हरवलेले गाव, तळ्यात बुडालेले देऊळ आणि ढगांत शिरलेला गड. "एका व्हिडिओ गेमचं संगीत करतेय म्हणे," तिची आई म्हणाली, "आणि ताई, गंमत म्हणजे तो गेमच कुठे नाही! दोन महिने झाले. तुम्हीच सांगा, याचा उपयोग काय?"

आईची चिंता खोटी नव्हती. बारावी तोंडावर आली होती, आणि गेम म्हटले की वेळेचा अपव्यय हे समीकरण घरोघरी पक्के बसलेले आहे. ते सर्वस्वी चुकीचे आहे असेही नाही. पण त्या खोलीत जे चालले होते ते गेम खेळणे नव्हते. जो देश अस्तित्वातच नाही, तो नुसत्या सुरांतून उभा करण्याचा तो उद्योग होता. आणि हा उद्योग वाटतो तितका पोरकट नाही.

या संगीताचा इतिहास फार जुना नाही. १९७८ साली जपानमधून आलेल्या 'स्पेस इन्व्हेडर्स' या खेळात खाली उतरत जाणारे अवघे चार ठोके होते. शत्रू कमी होत तसतसे ते ठोके जलद होत आणि खेळणाऱ्याची छातीही त्यांच्याबरोबर धडधडू लागे. चार सुरांत संगीत ते काय असणार? पण त्यात एक नवी गोष्ट होती. पडद्यावर जे घडत होते त्याप्रमाणे संगीत बदलत होते. सिनेमाचे संगीत एकदा ध्वनिमुद्रित झाले की झाले. हे मात्र खेळणाऱ्याच्या हालचालीवर चालणारे होते.

त्यानंतर १९८३ साली निन्टेन्डो कंपनीचे 'फॅमिकॉम' हे यंत्र जपानी घरांत आले. त्यात एका वेळी पाचच आवाज निघत. दोन सुरावटीचे, एक खर्जाचा, एक नुसत्या खरखरीचा आणि एक मुद्रित ध्वनीचे तुकडे वाजवणारा. कोजी कोंडो या तरुण संगीतकाराने एवढ्या भांडवलावर १९८६ सालच्या 'लेजंड ऑफ झेल्डा'साठी एक अख्खे राज्य उभे केले. त्या खेळाच्या आरंभी फ्रेंच संगीतकार राव्हेल यांची 'बोलेरो' ही प्रसिद्ध रचना वापरायचे ठरले होते. ऐन वेळी कळले की तिचे स्वामित्वहक्क अजून संपलेले नाहीत. तेव्हा कोंडो यांनी रात्रीतून स्वतःचीच धून नव्याने बांधली. आज ती जगभरचे वाद्यवृंद वाजवतात. उसनवारीचा रस्ता बंद झाला म्हणून स्वतःचे काही सापडले, असे कलेत पुष्कळदा होते.

नोबुओ उएमात्सु यांची गोष्ट तर याहून बोलकी आहे. संगीताचे रीतसर शिक्षण न घेतलेला, स्वतःच पियानो शिकलेला हा माणूस. १९८७ पासून 'फायनल फँटसी' या खेळमालिकेला त्याने संगीत दिले. १९९४ सालच्या सहाव्या भागात त्याने चक्क एक ऑपेरा घातला. त्या यंत्राला शब्द गाता येत नव्हते. मग गळ्यासारखा भासणारा एक कृत्रिम आवाज सूर लावी आणि गाण्याचे शब्द पडद्यावर अक्षरांत उमटत. मुले ते वाचत आणि गाणे मनात पुरे करीत. पुढे तेच गाणे खऱ्या गायिकांनी वाद्यवृंदासह रंगमंचावर गायले. आणि २३ जुलै २०२१ रोजी टोकियो ऑलिम्पिकच्या उद्घाटनाला, महासाथीमुळे प्रेक्षकांविना रिकाम्या असलेल्या स्टेडियममध्ये, देशोदेशींचे खेळाडू संचलन करीत आले ते 'ड्रॅगन क्वेस्ट', 'फायनल फँटसी' अशा खेळांच्या संगीतावर. जपानने जगाला आपली ओळख म्हणून जे ऐकवले, ते अशा नसलेल्या देशांचे संगीत होते.

आता त्या मुलीच्या कामाकडे पाहू. जंगलाचे संगीत करायचे, तर पहिला प्रश्न पडतो तो लांबीचा. खेळणारा या जंगलात पाच मिनिटे राहील की दोन तास, हे कोणालाच ठाऊक नसते. त्यामुळे सुरावटीला शेवट असून चालत नाही. तिचे टोक पुन्हा आरंभाला असे जुळले पाहिजे की सांधा कळू नये. तीच धून पन्नास वेळा ऐकून कंटाळा येता कामा नये, आणि ती इतकी नटवीही नको की खेळणाऱ्याचे लक्ष रस्त्यावरून उडेल. आपल्या कानांना हे अवघड वाटू नये. तालाचे आवर्तन फिरून समेवर येते तेव्हा ते संपत नाही, तिथेच पुन्हा सुरू होते. वारीत मैलोगणती चालणाऱ्यांचे भजन तेच ते असूनही पायांना ओढ लावते. चालणाऱ्यासाठी केलेले संगीत आणि बसून ऐकणाऱ्यासाठी केलेले संगीत यांतला फरक आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे.

दुसरा प्रश्न थरांचा. शत्रू जवळ आला की ढोल वाजू लागावा, तो लांब गेला की अलगद विरावा, आणि खालची धून मात्र तुटू नये. अशी सोय संगणकीय खेळांत १९९१च्या सुमारास होऊ लागली. म्हणजे संगीतकाराला एक गाणे बांधून भागत नाही. कुठलाही थर काढला वा घातला तरी उरलेले सुरेल राहील अशी रचना करावी लागते. तिसरा प्रश्न आठवणीचा. आरंभी गावात ऐकलेली धून, गाव उजाड झाल्यावर संथ लयीत एकाच वाद्यावर आली, की खेळणाऱ्याच्या घशात आवंढा येतो. शब्द एकही नसतो. हे ज्याला साधते त्याला गोष्ट सांगता येते.

आपल्याकडेही असे स्थित्यंतर झालेले आहे. मूकपटांच्या काळात पडद्यासमोर पेटी-तबला घेऊन बसलेले वादक चित्र पाहून संगीत जुळवीत. १९११ साली 'मानापमान'ची पदे स्वरबद्ध करणारे गोविंदराव टेंबे यांनीच १९३२ साली प्रभातच्या 'अयोध्येचा राजा' या बोलपटाला संगीत दिले. रंगभूमीवरचा एवढा मोठा माणूस नव्या यंत्राकडे वळला, आणि त्याने मराठी संगीताचे नुकसान झाले असे आज कोणी म्हणणार नाही. माध्यम नवे असते तेव्हा ते हलकेच वाटते.

मी मुलीला एक-दोन तुकडे ऐकवायला सांगितले. मेहनत दिसत होती. पण घाटमाथ्यावरच्या जंगलात व्हायोलिनचे ताफे होते आणि बुडालेल्या देवळात युरोपातल्या चर्चमधले समूहगान. "असं का ग?" विचारले तर म्हणाली, "मावशी, फँटसी म्हटलं की असंच वाजतं ना!"

तिच्या या उत्तरात खरी अडचण आहे. कल्पनेतला देश तिचा होता, कान मात्र उसने होते. याचा अर्थ तिने संबळ आणि दिमडीच वाजवावी असा नाही. पुण्यातल्या एका चमूने केलेल्या 'राजी' या २०२० सालच्या खेळाला लिनोस त्झेलिओस या ग्रीक संगीतकाराने संगीत दिले आहे. 'सिव्हिलायझेशन' मालिकेच्या चौथ्या भागासाठी क्रिस्टोफर टिन या अमेरिकी संगीतकाराने २००५ साली स्वाहिली भाषेतली प्रार्थना स्वरबद्ध केली. २०११ साली तिला ग्रॅमी मिळाले. व्हिडिओ गेमच्या संगीताला मिळालेले ते पहिलेच. सूर कुठलेही घ्यावेत. पण ते निवडलेले असावेत, सवयीने आलेले नसावेत. 'असंच वाजतं' हे कारण संगीतकाराला पुरेसे नाही. त्या देवळाभोवतीच्या पाण्याचा आवाज कसा, तिथले लोक पेरणीला काय गात असतील, हे तिने स्वतःला विचारायला हवे. खेळ अस्तित्वात नाही याचा फायदा नेमका इथे आहे. निर्माता नाही, मुदत नाही, विक्रीचा आकडा नाही. असे मोकळे रान आयुष्यात पुन्हा फारसे मिळत नाही.

यातून पोट भरेल का? फार थोड्यांचे भरते, हे पालकांनी मुलांना स्पष्ट सांगावे. अभ्यासाचे तास ठरवावेत आणि ते पाळायलाही लावावेत. पण पेटीच्या शिकवणीला जाणाऱ्या मुलाला आपण 'उपयोग काय' म्हणून विचारत नाही. घरी आल्यावर 'आज काय शिकलास, वाजवून दाखव' म्हणतो. या मुलांना तेवढेही कोणी म्हणत नाही. दार लोटलेले, कान झाकलेले, म्हणून आत काय चालले आहे ते कळत नाही, आणि कळत नाही म्हणून ते वाया चालले आहे असे आपण धरून चालतो.

निघताना मी त्या आईला एवढेच विचारले, "तू ऐकलंस का कधी?" ती गप्प झाली. दोन महिन्यांत तिने एकदाही ऐकले नव्हते. मुलीने काही न बोलता हेडफोन काढून तिच्यापुढे धरला. तिने तो उलटा घातला, मग सरळ केला, आणि खुर्ची ओढून नकाशासमोर बसली.