कर्ज फिटलं, मग बोजा का राहिला?

मंडळी, विषय जरा रुक्ष आहे. पण खेड, मावळ, हवेलीत ज्याच्या नावावर चार गुंठे जमीन किंवा एखादा वन बीएचके आहे, त्याने शेवटपर्यंत वाचावं.

प्रत्येक कर्जाला संपायची तारीख असते. पीककर्जाला साधारण वर्षाची, ट्रॅक्टरला काही वर्षांची, घराला वीस वर्षांची. मग त्या कर्जासाठी दिलेल्या तारणाला तारीख का नाही? सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ रकान्यात सोसायटीचं नाव येतं, रक्कम येते. बोजा कधीपर्यंत, हे मी पाहिलेल्या बहुतेक उताऱ्यांवर नाही.

याची किंमत चाकण पट्ट्यात रोज मोजली जाते. एमआयडीसी आली तशी म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडी, सावरदरीच्या जमिनींना भाव आला. आजोबांनी कधीकाळी सोसायटीतून काही हजार उचलले, फेडलेही. आजोबा गेले, पावती गेली, सचिव बदलले. बोजा तेवढा जागेवर. व्यवहार ठरला की खरेदीदाराचा वकील नेमकं तिथंच बोट ठेवतो. मग नातू निल दाखल्यासाठी हेलपाटे घालतो. इसार घेतलेला असतो, साठेखताची मुदत संपत येते, आणि समोरचा भाव पाडतो.

नियम नाहीत असं नाही. रिझर्व्ह बँकेने १३ सप्टेंबर २०२३ ला आदेश काढला: घरकर्जासारखं वैयक्तिक कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्या आणि नोंदवलेला बोजाही काढा. बँकेमुळे उशीर झाला तर कर्जदाराला दिवसाला ५,००० रुपये भरपाई. १ डिसेंबर २०२३ पासून हे लागू आहे. नागरी सहकारी बँका, जिल्हा बँका, फायनान्स कंपन्याही त्यात येतात. पण गावची विविध कार्यकारी सोसायटी रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतच नाही. म्हणजे जिथे बोजे सर्वात जास्त कुजतात, तिथेच हा नियम पोहोचत नाही.

सरकारने ‘ई-हक्क’ प्रणाली आणली, बोजा कमी करायचा अर्ज ऑनलाइन करता येतो. २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहिमेच्या दुसऱ्या टप्प्यात तगाई, सावकारी अशा कालबाह्य नोंदी काढायचं ठरलं. चांगलंच आहे. पण नव्या नोंदी बिनतारखेच्याच चढत राहिल्या तर वीस वर्षांनी पुन्हा मोहीम काढावी लागेल.

म्हणून माझं म्हणणं सोपं आहे. बोजा चढवतानाच त्याची मुदत लिहा. मुदत संपायच्या आत सोसायटीने थकबाकी दाखवून नूतनीकरण केलं तर बोजा पुढे चालू. नाही केलं तर नोंद आपोआप कमी. अमेरिकेत यंत्रं, माल अशा जंगम तारणाची नोंद साधारणपणे पाच वर्षांनी अशीच संपते. चालू ठेवायची जबाबदारी कर्ज देणाऱ्याची.

यावर एका सचिवांचं म्हणणं, ‘शेतकरी दरवर्षी नवं कर्ज उचलतो, दरवर्षी बोजा कुठे चढवत बसू?’ मुद्दा रास्त आहे. मग मुदत पाच वर्षांची ठेवा. पण बेमुदत नको. सोसायटीची सोय व्हावी म्हणून शेतकऱ्याच्या जमिनीवर कायमचा शिक्का का?

फ्लॅटवाल्यांनो, तुमचं दुखणं उलटं आहे. तुमच्या कर्जाला तारीख असते, पण ती सरकते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. ३० लाखांचं कर्ज ७ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण २३,२६० रुपये. दर साडेनऊ झाला की पहिल्या महिन्याचं नुसतं व्याजच २३,७५० होतं! हप्ता तोच ठेवला तर मुद्दल फिटणार कधी? अनेकांची मुदत न विचारता वाढली, कंपनीतून निवृत्त व्हायच्या वयाच्या पुढे गेली. १८ ऑगस्ट २०२३ ला रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं, की हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा. तेव्हा दर उतरल्यावरही बँकेकडून उरलेल्या मुदतीचं पत्रक मागून घ्या.

दोन्हीकडे गोष्ट एकच. तारीख ज्याच्या हातात, जमीन आणि घर त्याच्या हातात.

सोसायट्यांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत व्हायच्या असतात. चहा-बिस्किट घेऊन घरी येऊ नका. एक ठराव मांडा: कर्ज फिटल्यापासून ३० दिवसांत निल दाखला आणि बोजा कमी करण्याचा अर्ज सोसायटीनेच द्यायचा. आणि त्याआधी आपला सातबारा काढून ‘इतर हक्क’ एकदा नीट वाचा. फिटलेल्या कर्जाचा बोजा अजून दिसत असेल तर कमेंटमध्ये फक्त गावाचं नाव लिहा. यादी तहसीलदारांपर्यंत मी पोहोचवतो.