पूरक आहाराची बॅच लहान हवी, आणि पांढुर्ण्यातच हवी

पोषणपूरक आहार म्हटले की अनेकांच्या डोळ्यांपुढे जिममधल्या प्रोटीन पावडरचे महागडे डबे येतात. ज्या आहारावर लाखो बाळांची वाढ अवलंबून आहे, तो मात्र अंगणवाडीतून फुकट मिळतो. सहा महिने ते तीन वर्षांची मुले, गरोदर आणि स्तनदा माता यांना घरी नेण्यासाठी हलवा, खिचडी, बर्फीच्या तयार मिश्रणाची पाकिटे दिली जातात. २०१७ च्या नियमांनी यातून बाळाला रोज ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे ठरवले होते. बाळ तीव्र कुपोषित असेल तर ८०० कॅलरी. मध्य प्रदेशाने या आहारासाठी देवास, धार, मंडला, सागर, रीवा, शिवपुरी आणि होशंगाबाद असे सात मोठे कारखाने उभारले. पुढे ते महिला बचत गटांच्या महासंघांकडे देण्याचा निर्णय झाला आणि त्याचे स्वागतच व्हायला हवे. पण मालकी बदलली तरी उत्पादनाचा आकार तोच राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सौंसरला सोबत घेऊन छिंदवाड्यापासून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्याने आता आपला आहार आपल्याच दोन तालुक्यांत, लहान बॅचमध्ये तयार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

यामागे भावनेपेक्षा रसायनशास्त्र जास्त आहे. भाजलेले शेंगदाणे किंवा सोयाबीन दळले, की त्यातले तेल हवेला उघडे पडते आणि हळूहळू खवट होऊ लागते. त्याच पिठात आपण लोह घालतो, आणि लोह ही खवट होण्याची क्रिया आणखी वेगाने घडवते. ‘अ’ जीवनसत्त्व तर उष्णता, उजेड आणि दमट हवा यांपुढे टिकतच नाही. आता असे पाकीट मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात आठवडे पडून राहते, मग ट्रकमधून येते, मग अंगणवाडीच्या कोपऱ्यात थांबते, अशी कल्पना करा. पाकिटावर छापलेले पोषण आणि बाळाच्या वाटीतले पोषण यांत फरक पडणारच. मोठ्या माणसाला खवटपणा जिभेवर कळतो. दहा महिन्यांचे बाळ नुसते तोंड फिरवते. दर आठवड्याला दळून पुढच्या पंधरवड्यात संपणाऱ्या मालात हा प्रश्न बराचसा उद्भवतच नाही.

हे अव्यवहार्य स्वप्न नाही. केरळात कुटुंबश्री या महिला बचत गटांच्या अभियानाची दोनशेहून अधिक छोटी केंद्रे गहू, हरभरा, शेंगदाणा, सोयाबीन आणि साखर यांपासून ‘अमृतम न्यूट्रिमिक्स’ बनवतात आणि जवळच्या अंगणवाड्यांना पुरवतात. सर्वोच्च न्यायालयाने तर ७ ऑक्टोबर २००४ च्या आदेशातच अंगणवाडीच्या आहारातून कंत्राटदारांना दूर ठेवायला आणि गावसमाज, बचत गट, महिला मंडळे यांना प्राधान्य द्यायला सांगितले होते. महाराष्ट्रात २०१६ च्या निविदांच्या अटी लहान गटांना बाहेर ठेवणाऱ्या होत्या. २०१९ मध्ये न्यायालयाने त्या मोडीत काढल्या.

यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप आपल्या दारातूनच येतो. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासिया भागात ‘कोल्ड्रिफ’ खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक लेकरांचा बळी घेतला. एसआर-१३ या एकाच बॅचमध्ये विषारी डायएथिलीन ग्लायकॉल तब्बल ४८.६ टक्के आढळले. ते औषध कुठल्या अवाढव्य कंपनीचे नव्हते, कांचीपुरमजवळच्या एका लहान कारखान्याचे होते. मग लहान म्हणजे सुरक्षित कसे, असे कोणी विचारले तर तो प्रश्न अगदी रास्त आहे. लहान असणे हे प्रमाणपत्र नव्हे. कोल्ड्रिफमध्ये बॅच क्रमांक होता, म्हणून दोषी साठा ओळखता आला; पण मुले दगावायच्या आधी, माल बाजारात जाण्यापूर्वी जी तपासणी व्हायला हवी होती, तिने तो विषारी साठा अडवला नाही. म्हणून लहान बॅचचा आग्रह धरणाऱ्याने तपासणीचा आग्रह त्याहून मोठ्याने धरला पाहिजे. या व्यवस्थेचा फायदा इतकाच की चूक झालीच तर ती एका तालुक्याच्या काही अंगणवाड्यांपुरती राहते आणि एका दिवसात परत मागवता येते.

शंभर किलोच्या प्रत्येक बॅचची प्रयोगशाळेत पूर्ण तपासणी परवडणार नाही, हेही खरे. म्हणून तपासणी आधी कच्च्या मालावर हवी: शेंगदाण्याची खेप उतरवून घेण्यापूर्वी अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाची झटपट पट्टी-चाचणी, जीवनसत्त्वांचे मिश्रण मान्यताप्राप्त उत्पादकाकडूनच, आणि तयार मालाचा नमुना ठरावीक अंतराने बाहेरच्या प्रयोगशाळेत. सूक्ष्म पोषकांचे मिश्रण पिठात सारखे पसरत नाही, ही तक्रारही योग्य आहे. काही ग्रॅम चूर्ण एकदम शंभर किलोत टाकले तर एका पाकिटात लोह जास्त जाईल, दुसऱ्यात नावालाही नाही. त्यावर उपाय म्हणजे ते आधी किलोभर पिठात, मग दहा किलोत, मग पूर्ण बॅचमध्ये कालवायचे. शिकवले तर ही शिस्त बचत गटाच्या बाया नक्की पाळतील. किलोमागे खर्च थोडा वाढेल, तो सरकारने उघडपणे सोसावा. तूर, मका, सोयाबीन पिकवणाऱ्या परिसरात त्यातला बराच पैसा पुन्हा शेतकऱ्याकडेच जाईल. पांढुर्ण्याला एक आणि सौंसरला एक केंद्र, वर्षभराचा प्रयोग, आणि प्रत्येक बॅचचा क्रमांक व तपासणीचा निकाल अंगणवाडीच्या दारावर मराठी आणि हिंदीत लावलेला, एवढी मागणी जिल्हा प्रशासनाने याच आर्थिक वर्षात मान्य करावी.