खेळ पडदाभर की खिडकीपुरता?

संगणकावरचा खेळ सबंध पडदा व्यापून खेळावा, की एका चौकटीत, बाजूला बाकीची कामे दिसत राहतील अशा बेताने खेळावा, हा काही रविवारच्या पुरवणीत पहिल्या पानावर घेण्याचा प्रश्न नव्हे, असे पुष्कळांना वाटेल. ज्यांच्या घरात बारा ते वीस वयाचे मूल आहे त्यांना मात्र तसे मुळीच वाटणार नाही. त्या घरांत हा प्रश्न रोज संध्याकाळी, ताटे मांडली जात असताना, निराळ्या शब्दांत विचारला जातो. 'अरे, तीन हाका मारल्या, कान आहेत की नाहीत?' हा त्याचा एक प्रकार. 'वहीचं पान उघडं दिसतंय, पण तुझं चाललंय काय?' हा दुसरा. पहिली तक्रार पूर्ण पडद्याची, दुसरी खिडकीची.

एके काळी निवडीची सोयच नव्हती. डॉसच्या जमान्यात यंत्र साधारणपणे एका वेळी एकच काम करी. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' सुरू केला की सारा पडदा त्या राजपुत्राचा. तळाशी पट्टी नाही, कोपऱ्यात घड्याळ नाही. अर्थात त्या खेळाने स्वतःच साठ मिनिटांची मुदत घातलेली होती. तासाभरात राजकन्येची सुटका झाली नाही तर डाव संपला! (आईबापांच्या दृष्टीने इतका समजूतदार खेळ त्यानंतर क्वचितच झाला असेल.) पुढे १९९३ च्या डिसेंबरात 'डूम' आला. तो जुन्या ३८६ यंत्रांवर रखडत चाले. मग खेळणारे वजाबाकीच्या चिन्हाची कळ दाबून चित्र आक्रसत नेत, पार पोस्टाच्या तिकिटाच्या वळणावर नेऊन ठेवीत. चित्र जितके लहान, तितकी हालचाल चपळ. चौकटीत खेळण्याची ही सवय तिथे यंत्राच्या गरिबीतून आली, असे म्हणायला हरकत नाही.

नंतर विंडोज आले. नावातच खिडक्या. १९९० सालच्या विंडोज ३.० बरोबर सॉलिटेअर हा पत्त्यांचा खेळ फुकट मिळाला आणि त्याने जगभरच्या कचेऱ्यांतले कितीतरी तास गिळले. उंदीर धरून वस्तू उचलणे आणि दुसरीकडे नेऊन टाकणे लोकांच्या हाताला वळावे म्हणून तो दिला, असे सांगतात. ते खरे असो वा नसो, कारकुनांचे हात पटापट वळले एवढे खरे. हा खेळ लिहिणारा वेस चेरी तेव्हा मायक्रोसॉफ्टमध्ये उमेदवारी करीत होता. साहेब येताना दिसला की एक कळ दाबावी आणि पडद्यावर आकडेमोडीचा खोटा तक्ता यावा, अशी सोय त्याने केली होती. कंपनीने ती काढून टाकायला लावली, असे त्यानेच पुढे सांगितले आहे. मला ही हकिकत फार बोलकी वाटते. कचेरीतला हा चौकटीतला खेळ साहेबाच्या पावलांकडे कान लावूनच लहानाचा मोठा झाला.

आता थोडे यंत्राविषयी, कारण मुले वाद घालतात तेव्हा तिथूनच सुरुवात करतात. पूर्ण पडद्याच्या जुन्या पद्धतीत खेळ पडद्याचा ताबाच घेई. त्याने रंगवलेले चित्र वाटेत कुठे न थांबता थेट पडद्यावर जाई. चौकटीतल्या खेळाचे चित्र मात्र आधी विंडोजच्या हाती जाते. विंडोज ते बाकीच्या चौकटींबरोबर जुळवते आणि मग पुढे पाठवते. २००७ साली बाजारात आलेल्या व्हिस्टापासून ही जुळवाजुळव नीटनेटकी झाली, पण तिला वेळ लागे. सेकंदाला साठ चित्रे दाखवणाऱ्या पडद्यावर एका चित्राची जागा सुमारे सतरा सहस्रांश सेकंदांची. तेवढा उशीर तुम्हांआम्हांला कळणारही नाही. पण ज्या खेळात कोण आधी नेम धरतो यावर सारे ठरते, तिथे अटीतटीचे खेळाडू तेवढ्यासाठी हटून बसत.

ताबा घेण्याची किंमतही होती. मधेच दुसरीकडे डोकावायला गेले की पडदा काळाठिक्कर पडायचा, जुन्या काचेच्या मॉनिटरमधून खट्ट आवाज यायचा आणि परत आल्यावर खेळ जिवंत असेल याची खात्री नसायची. पुढे विंडोज १० आणि ११ यांनी या दोन्ही पद्धतींतले अंतर पुष्कळच मिटवत आणले. आता बिनचौकटीची खिडकी म्हणून तिसराच प्रकार मुलांच्या आवडीचा झाला आहे. दिसायला पूर्ण पडदा, आतून खिडकीच. क्षणात खेळ, क्षणात मित्रांशी गप्पा, क्षणात दुसऱ्या कुणाच्या खेळाची चित्रफीत.

म्हणजे यंत्राच्या बाजूने प्रश्न जवळजवळ सुटला. घरात मात्र तो होता तिथेच आहे, आणि इथे माझे मत बहुतेक पालकांच्या उलट जाते.

पालकांना खिडकी बरी वाटते. मूल खेळतंय, पण शेजारी गणिताचे पान उघडे आहे, कोपऱ्यात घड्याळ दिसते आहे, हाक मारली तर ओ देते आहे. म्हणजे ते अगदीच हाताबाहेर गेलेले नाही. वास्तविक या समाधानाला काही आधार नाही. सोफी लरॉय या अमेरिकेतील संशोधक बाईंनी २००९ साली एक निबंध प्रसिद्ध केला. एक काम अर्धे टाकून दुसऱ्याला हात घातला की पहिल्याचा गाळ मनात उरतो आणि दुसरे काम त्या गाळातूनच करावे लागते, असा त्याचा आशय. त्यांनी तपासली ती मोठ्या माणसांची कामे. पण शेजारच्या चौकटीत अर्धा डाव ताटकळत असताना वर्गसमीकरण सोडवणाऱ्या मुलाचे याहून वेगळे काही होत असेल असे मला वाटत नाही. समीकरण सुटत नाही ते नाहीच, वर खेळाचा आनंदही पाणचट होतो. आपल्याकडे याला एक ना धड, भाराभर चिंध्या म्हणतात.

नाटकाला जाणाऱ्यांना हे अधिक समजावून सांगायला नको. तिसरी घंटा होते, दिवे मालवतात, कुजबूज थांबते आणि पुढचा तास दीड तास माणूस त्या रंगमंचाचा होतो. तेच नाटक घरी दूरदर्शन संचावर, शेंगा सोलत, मधेच कुकर बंद करायला उठत पाहिले तर गोष्ट तीच कळते. हाती मात्र फारसे लागत नाही. पूर्ण पडद्यावर खेळणारे मूल तिसऱ्या घंटेनंतरच्या प्रेक्षकासारखे असते. हाक ऐकू येत नाही हा उद्धटपणा नव्हे, ते खरोखरच तिथे नसते. आणि मन असे एका जागी पूर्ण लागणे ही मुलाच्या अंगची ताकदच आहे. ज्याला खेळात बुडता येते त्याला पुढे कशात तरी बुडता येईल, अशी आशा तरी धरता येते.

पण नाटकाला मध्यंतर असते आणि ते केव्हा होणार हे साधारण ठाऊक असते. घरात भांडण होते ते इथे. 'आत्ताच्या आत्ता बंद कर,' असे आपण म्हणतो, तेव्हा आत काय चालले आहे याचा आपल्याला पत्ता नसतो. काउंटर-स्ट्राइकसारख्या खेळात पाच-पाच जणांचे दोन संघ असतात आणि सामना अर्धा-पाऊण तास चालतो. तो आपल्या सोयीने थांबवता येत नाही. एकजण उठला की बाकीचे चौघे तोंडघशी पडतात. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये, शेवटच्या षटकात, फलंदाजाला कुणी ओढून घरी नेले असते का? 'एवढी ओव्हर झाली की ये,' असेच म्हटले असते. म्हणून बोली मिनिटांवर करण्यापेक्षा डावांवर करावी, असे माझे सांगणे आहे. दोन सामने, मग जेवण. मात्र त्यासाठी खेळाचे नाव आणि त्याचा एक डाव किती चालतो एवढे तरी पालकांनी विचारून घेतले पाहिजे. आणि पूर्ण पडद्यावर घड्याळ झाकले जाते, तर समोरच्या भिंतीवर एक टांगावे.

खिडकीला माझा सरसकट विरोध आहे असे मात्र नाही. काही खेळ मुळातच खिडकीचे असतात. मे महिन्याच्या सुट्टीत ओटीवर बदाम सात रंगायचा तेव्हा पत्त्यांइतक्याच गप्पा चालत, मधेच कुणी आंबे पिळायला उठे, त्याचा हात शेजारचा खेळे, आणि त्यात कुणाचे काही बिघडत नसे. निवृत्त झालेले आजोबा एका चौकटीत पत्ते लावतात आणि दुसरीत अमेरिकेतल्या नातीचा चेहरा पाहत तिच्याशी बोलतात. त्यांना पूर्ण पडद्याचा आग्रह कशाला करायचा? सहा-सात वर्षांच्या मुलालाही मी चौकटीत, आणि बैठकीच्या खोलीतच खेळू देईन. त्याला अजून बुडण्याआधी तरंगायला शिकायचे आहे.

बहुसंख्य घरांत आता खेळ संगणकावर नसून फोनवर चालतो, हे खरेच. गंमत अशी, की फोनने आपल्याला पुन्हा डॉसच्या काळात नेऊन ठेवले आहे. २०१३ च्या अँड्रॉइड ४.४ पासून खेळाला वरची पट्टी आणि खालची बटणे दोन्ही लपवून सगळा पडदा घेता येतो; पट्टीबरोबर घड्याळही गेले. २०१६ पासून पडदा दुभागण्याची सोय आली, पण सहा इंचांत दुभागून खेळणार काय! आणि हा पूर्ण पडदाही नावापुरताच. वरून दर दोन मिनिटांनी निरोपाची चिठ्ठी उतरते: कुणाचा वाढदिवस, कुठला सेल, शाळेच्या ग्रुपवर कुणाच्या आईचा प्रश्न. मुलाला खेळताना 'डू नॉट डिस्टर्ब' लावून द्यावे. गणित करतानाही तेच लावावे, आणि तेवढा वेळ आपणही आपला फोन आत ठेवून द्यावा, कारण त्या ग्रुपवरच्या चिठ्ठ्या बहुतेक आपणच धाडत असतो.