वेशीबाहेरचा सिनेमा

शिवाजी महाराजांची आग्र्याहून सुटका म्हटलं की आपल्या दिग्दर्शकांना पेटारे दिसतात. मिठाई, आजारपणाचं सोंग, पलंगावर हिरोजी फर्जंद, दाराशी फुलादखानाचा पहारा. प्रसंग पडद्यासाठीच घडल्यासारखा आहे, कबूल. ‘शिवप्रताप गरुडझेप’ 2022 मध्ये आला तेव्हाही गाजलं ते आग्र्याच्या लाल किल्ल्यातलं चित्रीकरण. मला मात्र खरा सिनेमा शहराच्या वेशीबाहेर सुरू होतो असं वाटतं.

17 ऑगस्ट 1666. भर पावसाळा. आग्र्याहून राजगड सरळ रेषेत मोजला तरी हजार किलोमीटरच्या वर, आणि पळणारा माणूस सरळ रेषेत जात नाही. मध्ये चंबळ, नर्मदा, तापी. उतारावरचा नावाडी कुणाला फितूर असेल, सांगता येत नाही. त्यात नऊ वर्षांच्या संभाजीराजांना मथुरेत ठेवून पुढे निघायचं. बापाने पोराचा निरोप कसा घेतला असेल? एवढ्या एका प्रसंगावर मध्यंतरापर्यंत सिनेमा चालेल.

राजगडी पोचल्याची तारीख 12 सप्टेंबर धरली तर सव्वीस दिवस, म्हणजे रोज चाळीस किलोमीटरच्या वर. 20 नोव्हेंबर धरली तर तीन महिने. यावर सदाशिव पेठेत, 1910 पासून भारत इतिहास संशोधक मंडळ पोसणाऱ्या पेठेत, आजही जेवणं थंड होऊ शकतात. दिग्दर्शकाने खुशाल एक तारीख निवडावी. पहिलीत नुसती धाप आहे. दुसरीत रोज नवं गाव, नवी बोली आणि समोरचा ओळखेल ही धास्ती. पुरावा पहिलीकडे झुकतो, तरी मला दुसरा सिनेमा पाहायचाय. जदुनाथ सरकारांनी उजेडात आणलेल्या राजस्थानी पत्रांत आग्र्यातल्या दिवसांचा बारीक तपशील आहे. वाटेचा तसा नाही. पटकथाकाराला याहून मोकळं रान कुठे मिळणार?

कैद फुटली म्हणजे सुटका झाली असं नसतं. पुढे पुण्यात स्थायिक झालेले फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर 1971 च्या युद्धात पाकिस्तानच्या हाती सापडले. ऑगस्ट 1972 मध्ये ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या सहकाऱ्यांसह रावळपिंडीच्या छावणीची भिंत फोडून ते निसटले. भिंतीने दगा दिला नाही, नकाशाने दिला. लंडी कोतलला त्यांनी लंडी खाना स्टेशनची चौकशी केली. ते स्टेशन 1932 पासून बंद होतं! संशय आला आणि अफगाण सीमा काही मैलांवर असताना तिघेही पकडले गेले. यावरचा ‘द ग्रेट इंडियन एस्केप’ 2019 मध्ये आला. आपल्या वाड्यात कितीजणांनी पाहिला, विचारून बघा.

महाराजांनाही कुठेतरी, कुणालातरी वाट विचारावी लागलीच असेल. त्या माणसाने ती का सांगितली, आणि नंतर तोंड का मिटून घेतलं? कुणी त्याच्यावर पटकथा लिहीत असेल तर पहिल्या खेळाचं तिकीट माझं.