पीडीएफचा सातबारा आणि शिक्क्याचा हट्ट



बँकेत पीककर्जाला जा, ठिबकच्या अनुदानाचा अर्ज करा, नाहीतर कापसाची गाडी खरेदी केंद्रावर न्यायची तयारी करा, पहिला प्रश्न एकच : "सातबारा आणला काय?" आपल्या सेवाग्राम-पवनार भागात तर जन्माला आलेल्या पोराला आधी बापाचे नाव कळते आणि मग सर्व्हे नंबर. इतका हा कागद आपल्या जिवाला चिकटलेला आहे. पण हा कागद आता कागद राहिलेला नाही, तो मोबाइलमधली फाइल झाला आहे. ही गोष्ट ना आपल्याला पुरती उमगली, ना आम्हा सरकारी माणसांना. त्यापायी गरिबाच्या चकरा काही कमी होत नाहीत. आज त्यावरच बोलायचे आहे.

आधी माझीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी ठिबकच्या अर्जासाठी एक काकाजी माझ्या टेबलाशी आले. पोराने मोबाइलवर पंधरा रुपये भरून डिजिटल सातबारा उतरवून दिला होता. तिथून तो एका सेवा केंद्रात गेला. केंद्रवाल्याने पडद्यावरच्या सातबाराचा फोटो काढला, त्या फोटोची पुन्हा पीडीएफ केली आणि तीच पाठवली. माझ्याकडे आला तो धूसर कागद, त्यावर सही नाही आणि पडताळणीचा क्रमांकही वाचता येईना. मी म्हटले, "काकाजी, यावर तलाठ्याचा सही-शिक्का आणा." ते म्हणाले, "साहेब, कागद त मशीननंच देला, आता शिक्का कोनाचा मारू?" मी हसलो आणि त्यांना परत पाठवले. तीन चकरा झाल्या. तलाठी कधी दुसऱ्या साझ्यात, कधी बैठकीला. तोवर कागद चढवायची मुदत संपली आणि त्या वर्षी त्यांचा नंबर गेला. काकाजींचा प्रश्न बरोबर होता आणि माझे उत्तर चूक होते. त्या प्रश्नाचे खरे उत्तर मला फार उशिरा समजले. ते असे.

पूर्वी तलाठी वहीतून पाहून हाताने उतारा लिहीत असे. लिहिणाराही तोच, सही करणाराही तोच. म्हणून शिक्क्याला मोल होते. पुढे वह्या संगणकात गेल्या. हस्तलिखित आणि संगणकातला सातबारा जुळतो की नाही हे पाहायला गावोगाव चावडी वाचन झाले. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. आता काम असे चालते : फेरफार मंजूर झाला की संगणकातली नोंद बदलते. तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्या नोंदीवर आपली डिजिटल सही करून ठेवतात. मग आपण महाभूमीच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव आणि गट नंबर निवडून पंधरा रुपये भरले, की यंत्र ती नोंद उचलते, ठरलेल्या साच्यात बसवते, दिनांक आणि पडताळणी क्रमांक घालते आणि पीडीएफ आपल्या हाती देते. मध्ये माणसाचा हात लागत नाही. रात्री बारा वाजता मागा, तेव्हाही मिळेल.

पीडीएफ म्हणजे काय, असे पुष्कळ जण विचारतात. १९९३ मध्ये अ‍ॅडोबी या अमेरिकन कंपनीने हा फाइलचा प्रकार काढला आणि २००८ मध्ये तो जगाचे प्रमाण म्हणून मान्य झाला. त्याचा गुण एवढाच, की फाइल वर्ध्यात उघडा की मुंबईत, मोबाइलवर उघडा की संगणकावर, ओळ आणि रकाना हलत नाही. त्यावर डिजिटल सही असली, की आणखी एक गुण येतो. फाइलमधला एक आकडा जरी कोणी बदलला, एक हेक्टरचे दोन केले, तरी सही मोडल्याचे संगणक लगेच सांगतो. शाईच्या शिक्क्याला हे जमत नाही. रबरी शिक्का बाजारात कोणीही करून देतो. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० ने अशा सहीला कायद्याची मान्यता दिलेली आहे. सातबाराच्या खालीही स्पष्ट छापलेले असते, की डिजिटल स्वाक्षरी असल्यामुळे वेगळ्या सही-शिक्क्याची गरज नाही. आम्ही ती ओळ वाचत नाही, हा आमचा दोष.

आता यातली गोम समजून घ्या. ही सही फाइलमध्ये असते, फोटोत नसते. फाइलचा फोटो काढला, किंवा छापून पुन्हा स्कॅन केली, की सही गेली आणि उरले नुसते चित्र. म्हणून मिळालेली फाइल जशीच्या तशी जपून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची तर 'फोटो' म्हणून नको, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, फाइल तशीच पोचते. छापलेला कागद द्यायचा झाला, तर त्यावरचा पडताळणी क्रमांक ठळक दिसतो ना, एवढे पाहा. त्या क्रमांकावरून कोणताही अधिकारी मूळ सातबारा संगणकावर पाहू शकतो. आणखी एक ध्यानात ठेवा. महाभूलेखवर फुकट दिसणारा सातबारा फक्त माहितीसाठी असतो, त्यावर डिजिटल सही नसते. तो घरी पाहायला ठीक, पण कार्यालयात नेऊन उपयोग नाही. पंधरा रुपये वाचवायला जाल आणि दिवसाची मजुरी घालवाल.

पण बंधूंनो, यंत्राचे कौतुक करताना एक गोष्ट विसरू नका. यंत्र छापते, तपासत नाही. वहीत जे आहे तेच ते बाहेर काढते. चूक असली तर चूकच काढते, आणि तीही सहीसकट. बाप वारून दहा वर्षे झाली आणि वारस नोंद केली नाही, तर यंत्र बापाच्याच नावाचा सातबारा देईल, तेही अगदी सुबक. पूर्वी गावचा तलाठी निदान म्हणायचा, "अरे, तुझा बा त गेला न, वारसाचा अर्ज दे." यंत्र असे म्हणत नाही. मेलेल्या खातेदारांची नावे काढून वारसांची लावण्यासाठी २०२५ मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम निघाली. बुलढाणा जिल्ह्यात सुरू झाली आणि मग राज्यभर गेली. मोहीम निघावी लागली, यावरूनच किती नोंदी मागे पडल्या होत्या हे समजून घ्या.

म्हणून पंधरा रुपये भरायच्या आधी फुकटचा सातबारा उघडून सावकाश वाचा. वरच्या भागात, म्हणजे नमुना ७ मध्ये, आपले नाव आणि क्षेत्र बरोबर आहे काय? इतर हक्कांत फेडलेल्या कर्जाचा बोजा अजून लटकलेला आहे काय? प्रलंबित फेरफार आहे काय, आणि शेवटचा फेरफार कोणता? खालच्या भागात, नमुना १२ मध्ये, यंदाचे पीक चढले काय? लिहिण्यातली चूक असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. वारस नोंद, बोजा कमी करणे असे अर्ज ई-हक्क प्रणालीवर घरूनही देता येतात. आधी नोंद नीट करा, मग पीडीएफ काढा. दूषित विहिरीला नवी मोटार बसवली तर पाणी जोरात येते, पण दूषितच येते.

पिकाच्या नोंदीचे तर खास सांगतो, कारण इथे थेट पैशाचा प्रश्न आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली आणि नमुना १२ भरायचे काम आपल्या हाती आले. बांधावर जाऊन मोबाइलवर पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद पाठवायची. पुष्कळ जण म्हणतात, "पाहू नं बाप्पा, आखरीले करू." शेवटच्या दिवसांत यंत्रणेवर गर्दी होते, मोबाइल फिरत बसतो आणि नोंद राहून जाते. २०२५-२६ च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाने हमीभावाने कापूस विकणाऱ्यांची नोंदणी 'कपास किसान' या अ‍ॅपवर घेतली. तिथेही जमिनीचा आणि कापसाच्या पेऱ्याचा दाखला लागला. ज्याच्या सातबारावर कापूस चढला नाही, त्याने वावरातून बोंड वेचून आणले तरी कागदावर तो कापूसवाला ठरत नाही. तूर, सोयाबीन, संत्रा, सगळ्यांचे तेच. पाऊस-गारपिटीने पीक गेले, तर पंचनाम्याच्या वेळीही हीच नोंद पुढे येते.

आता दोन शब्द माझ्याच बिरादरीला, म्हणजे ग्रामसेवक, कृषी सहायक, बँकेतले बाबू आणि सेवा केंद्र चालवणारी पोरे यांना. अर्जदार डिजिटल सातबारा घेऊन आला तर त्याला शिक्क्यासाठी पिटाळू नका. पडताळणी क्रमांक टाका, दोन मिनिटांत खरे-खोटे कळते. फाइल संगणकावर उघडली की कधी कधी सहीपाशी पिवळे प्रश्नचिन्ह दिसते. ते पाहून मीही एकदा दाखला खोटा समजलो होतो. त्याचा अर्थ सही खोटी असा नसतो. आपल्या संगणकाला सही प्रमाणित करणाऱ्याची अजून ओळख करून दिलेली नसते, म्हणून तो विचारतो. ओळख एकदा करून दिली, की हिरवी खूण येते. हे काम कार्यालयातल्या संगणकाच्या जाणकाराकडून एकदाच करून घ्यायचे आहे, दर शेतकऱ्याकडून नाही. सेवा केंद्रवाल्यांनी पडद्याचा फोटो काढून पीडीएफ करण्याची सवय सोडावी. मूळ फाइलच चढवावी आणि तिची एक प्रत शेतकऱ्याच्या मोबाइलवर द्यावी. आणि जिथे आपल्याला नोंद थेट संगणकावर दिसते, तिथे कागद मागायचाच कशाला? राज्यात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक लागू झाला, तो याचसाठी की तोच तो दाखला दहा ठिकाणी द्यावा लागू नये. क्रमांकही मागायचा आणि वर सातबाराच्या तीन झेरॉक्सही मागायच्या, याला सुधारणा म्हणत नाहीत.

ज्यांच्याकडे मोठा मोबाइल नाही, त्यांचे काय, हा प्रश्न उरतोच. विधवा बाई, एकटा म्हातारा, ज्याचे पोरगे पुण्याला कामाला गेले असा बाप, यांना यंत्र दिवसरात्र चालते याचा काय उपयोग? गावात निदान दोन-चार शिकलेली पोरे तरी अशी हवीत, जी शेजारच्या काकाजींचा सातबारा वाचून दाखवतील आणि पीक पाहणीला त्यांच्यासोबत वावरात जातील. ग्रामपंचायतीने महिन्यातून एक दिवस नेमला आणि चावडीवर सातबारा मोठ्याने वाचला, तर निम्म्या चुका तिथेच सापडतील. याला शासनाच्या आदेशाची वाट पाहायची गरज नाही.

आपल्या सेवाग्रामात बापू आलेल्या पत्रांच्या लिफाफ्याची कोरी बाजूही वाया जाऊ देत नसत, तिच्यावर लिहीत. कागदाचा असा हिशेब ठेवणाऱ्या माणसाच्या गावात आपण एका सातबाराच्या पाच-पाच प्रती काढतो आणि एकीवरही विश्वास ठेवत नाही. असो. ते काकाजी पुढच्या वर्षी पुन्हा आले. या वेळी मी त्यांच्या कागदावरचा क्रमांक संगणकावर टाकला, सातबारा पडद्यावर दिसला आणि अर्ज पुढे गेला. "मंग मागच्या साली काहून नाही केलं जी असं?" त्यांनी विचारले. मी गप्प बसलो. हा प्रश्न यंदा तुमच्या टेबलाशी कोणाला विचारावा लागू नये, एवढीच माझ्या सहकाऱ्यांना विनंती. आणि शेतकरी बंधूंनो, आज संध्याकाळी जेवणाआधी आपला सातबारा एकदा उघडून वाचाच.