तुसाचा ताळेबंद

कार्तिक उजाडला की गोंदिया जिल्ह्यात धानाची वाहतूक सुरू होते, आधारभूत खरेदी केंद्रांसमोर ट्रॅक्टरांच्या रांगा लागतात आणि गोंदियापासून आमगाव, गोरेगाव, तिरोड्यापर्यंतच्या राइस मिलांची पावसाळाभर थंडावलेली धुराडी पुन्हा तापू लागतात. या दिवसांत मिलच्या गादीवर बसून मुनीम जी रोजकीर्द लिहितो, तिच्यात आवक किती झाली, ओलाव्यापोटी किती वजा गेले, तांदूळ किती उतरला, कनकी किती निघाली आणि कोंडा कोणत्या तेल कारखान्याकडे रवाना झाला, याचा जमाखर्च किलोपर्यंत मांडलेला असतो. तो तसा मांडावाच लागतो, कारण शासकीय भरडाईत शंभर किलो धानामागे अरवा तांदूळ ६७ किलो आणि उकडा, म्हणजे या भागातला उष्णा तांदूळ, ६८ किलो परत करण्याचा करार असतो आणि त्यात आलेली तूट मिलमालकाच्या माथी बसते. परंतु त्याच शंभर किलोंतून निघणाऱ्या सुमारे वीस किलो तुसाची नोंद, आम्ही चाळलेल्या बहुतेक दप्तरांत, एका ओळीचीही नव्हती. आमच्या वाचकांत ऊर्जा परीक्षक आहेत, बॉयलर सांभाळणारे आहेत, वितरण कंपनीचे अभियंते आहेत आणि स्वतः मिलमालकही आहेत. या सर्वांपुढे त्या न लिहिलेल्या ओळीचा विषय या अंकी मांडावा, असे आम्हांस वाटते.

हा विषय एका जिल्ह्यापुरता नाही. २०२४ साली जगाची एकूण ऊर्जेची मागणी २.२ टक्क्यांनी वाढली आणि विजेची मागणी तिच्या जवळपास दुप्पट वेगाने, ४.३ टक्क्यांनी वाढली, असा आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा अहवाल आहे; त्याच वर्षी ३० मे रोजी आपल्या देशाची विजेची सर्वोच्च मागणी २५० गिगावॅटवर गेली. त्याआधी २०२३ च्या अखेरीस दुबई येथे भरलेल्या हवामान परिषदेत राष्ट्रांनी दोन संकल्प एकत्रच सोडले होते: नवीकरणीय ऊर्जेची क्षमता २०३० पर्यंत तिप्पट करावयाची, आणि ऊर्जेच्या कार्यक्षमतेत दरवर्षी होणारी सुधारणा सुमारे दोन टक्क्यांवरून चार टक्क्यांवर न्यावयाची. पहिल्या संकल्पाची प्रगती मोजणे सोपे, कारण उभारलेला सौर फलक डोळ्यांना दिसतो. दुसऱ्याची प्रगती दिसत नाही. जी उष्णता वाया गेली नाही तिचे अस्तित्व केवळ मोजमापाच्या वहीतच असते, आणि वहीच नसेल तर ती वाचली काय नि गेली काय, दोन्ही सारखेच ठरते.

म्हणून आधी एक टन धान घेऊन हिशेब मांडू. त्यातून २०० किलो तूस निघते. तुसाचे उष्मांकमूल्य किलोमागे ३,००० किलोकॅलरी धरले, आणि कोरड्या तुसाला हा आकडा चढा नाही, तर त्या टनाबरोबर सहा लाख किलोकॅलरी उष्णता फुकट मिलच्या आवारात येते. आता खर्चाची बाजू पाहू. उष्ण्यासाठी भिजवून वाफवलेल्या धानात सुमारे ३२ टक्के ओलावा असतो आणि भरडण्यापूर्वी तो १४ टक्क्यांवर आणावा लागतो, म्हणजे मूळच्या टनामागे अंदाजे २६५ किलो पाणी उडवावे लागते. किलोमागे ५४० किलोकॅलरी या दराने त्याला एक लाख त्रेचाळीस हजार किलोकॅलरी लागतात. भिजवणीचे पाणी तापवणे आणि वाफवणे यांची उष्णता वेगळी मोजून, आणि बॉयलर व सुकवणी यंत्र मिळून निम्मी उष्णता गमावतात असे उदारपणे गृहीत धरूनही, तुसाचा चांगला भाग शिल्लक राहावयास हवा. प्रत्यक्षात तो पुष्कळ ठिकाणी राहत नाही. सकाळपासून भट्टीत फावड्याने तूस टाकले जाते, काळा धूर जातो, राखेत अर्धवट जळालेला काळा कण तसाच राहतो, आणि संध्याकाळी ढीग संपलेला असतो.

याचे कारण कामगाराचा आळस वा मालकाची बेपर्वाई हे आम्ही मानीत नाही. ज्या वस्तूला किंमत नाही तिची बचत करण्यास माणसाला कारणच उरत नाही, आणि तूस दीर्घकाळ अशी वस्तू होती: ठेवावयास जागा अडते, वाऱ्याने उडते, आग लागण्याचे भय असते, तेव्हा जाळून मोकळे होणे हाच शहाणपणाचा व्यवहार होता. जुने बॉयलर जणू याच हेतूने बांधले गेले. तो काळ आता उलटला आहे. तुसाला विटभट्ट्यांकडून मागणी आहे, कांड्या बनवणाऱ्यांकडून मागणी आहे. आणि केंद्र सरकारच्या धोरणाने औष्णिक विद्युत केंद्रांना कोळशाबरोबर शेतीतील अवशेषांच्या पेलेटांचा ठराविक हिस्सा, प्रथम पाच व मग सात टक्के, जाळण्याचे बंधन घातल्यापासून ही मागणी वाढतच जाणार आहे. ज्याला भाव आला त्याचे वजन होते. तेव्हा मिलमध्ये तुसाचा काटा बसवण्यास यापेक्षा अनुकूल वेळ येणार नाही.

काटा बसल्यावर करावयाची कामे या क्षेत्रातील कोणालाही नवी नाहीत, तरी ती पुन्हा सांगण्याचा संकोच आम्ही करीत नाही. धुराड्यातील वायूचे तापमान २२ अंशांनी उतरले की बॉयलरची कार्यक्षमता सुमारे एक टक्क्याने चढते; बॉयलरला जाणारे पाणी सहा अंशांनी अधिक तापलेले गेले की इंधनात एक टक्क्याची बचत होते; आणि सुकवणी यंत्रातून निघणारे गरम निवळ पाणी, जे आजही कित्येक आवारांत नालीत सोडले जाते, ते टाकीत परत आणणे हा या दुसऱ्या लाभाचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. पंख्यांविषयी तर विशेष सांगावेसे वाटते. पंख्याची वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे वेग ८० टक्क्यांवर आणला तर वीज जवळपास निम्मी लागते. असे असता डँपर अर्धवट मिटून पंखा पूर्ण वेगाने फिरवत ठेवण्याची जी रीत आपल्या मिलांत सर्रास आढळते, तिच्यामुळे हवाही धड मिळत नाही आणि वीजबिल मात्र पूर्ण येते. तीनदा गुंडाळलेली जुनी मोटर जपून ठेवणारा मालक काटकसर करीत आहे असे त्याला वाटते. त्याच्या मीटरला विचारावे.

येथे एक आक्षेप उभा राहतो आणि तो गंभीरपणे घ्यावयास हवा. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ सालीच दाखवून दिले होते की वाफेची इंजिने जसजशी काटकसरी झाली तसतसा ब्रिटनमध्ये कोळशाचा खप कमी न होता वाढत गेला, कारण स्वस्त झालेली शक्ती नवनव्या कामांना जुंपली गेली. आपल्याकडेही असेच होईल काय? होईल, आणि गोंदियासारख्या जिल्ह्यात काही अंशी तसे झाले तर आम्हांस त्याचे दुःख नाही. अर्जुनी मोरगाव किंवा सडक अर्जुनीच्या ज्या शेतकऱ्याला उन्हाळी धानाला पाणी देण्यासाठी रात्री, नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलालगत, बॅटरीच्या उजेडात पंप चालू करावयास जावे लागते, त्याचा वीजवापर कमी व्हावा असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. त्याला दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ साली राज्यात सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचे महत्त्व आम्ही याच दृष्टीने मानतो: उपकेंद्राजवळ उभारलेल्या सौर प्रकल्पाची वीज दुपारीच पंपाला मिळते, लांबच्या वाहिनीतील गळती टळते आणि माणूस रात्री घरी राहतो. कार्यक्षमतेचा अर्थ गरजवंताची मागणी आवळणे असा नव्हे. ज्यांच्याकडे वाया घालवण्याइतके आहे त्यांच्याकडून ते वसूल करणे, असा आहे.

याच जिल्ह्यात तिरोड्याला ६६० मेगावॅटचे पाच संच असलेले, एकूण ३,३०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र आहे, आणि ते अतिक्रांतिक तंत्राचे आहे, म्हणजे त्याच्या बॉयलरमधील दाब २२१ बारच्या क्रांतिक बिंदूपलीकडे असतो, जेथे पाणी आणि वाफ यांतील भेदच मावळतो. त्यामुळे जुन्या संचांपेक्षा दर युनिटमागे कोळसा कमी लागतो. तथापि सौर वीज वाढत चालली तशी अशा संचांना दुपारी भार उतरवून संध्याकाळी पुन्हा चढवावा लागतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमांनी कोळशाच्या संचांचा किमान भार ५५ टक्क्यांपर्यंत आणि पुढे टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांपर्यंत खाली आणण्याची तयारी ठेवावयास सांगितले आहे. इतक्या कमी भारावर दाबही क्रांतिक बिंदूखाली येतो, आणि ज्या गुणासाठी हे महागडे यंत्र उभारले तोच गुण त्या घटकेपुरता हरपतो. शिवाय जाड भिंतींचे पाइप रोज तापून-निवून शिणतात ते वेगळेच. स्वच्छ विजेची ही किंमत आहे. ती मान्य करून कमी कशी करता येईल ते पाहणे हे आपल्या व्यवसायाचे काम.

आणि येथेच तूस पुन्हा आठवते. सूर्य मावळल्यानंतरचे चार तास हे आज संपूर्ण वीजव्यवस्थेचे दुखणे आहे, आणि तूस हे असे इंधन आहे की जे दुपारी ढिगात राहू शकते व संध्याकाळी जाळता येते. एक युनिट विजेला छोट्या संचात दीड किलोच्या आसपास तूस लागते, असे धरले तर एका टन धानाच्या २०० किलो तुसात १३० युनिटांची शक्यता आहे. तेवढे धान भरडण्यास यापेक्षा पुष्कळ कमी वीज लागते. ज्या मिलमध्ये फक्त अरवा तांदूळ निघतो, जेथे वाफेची गरज नाही, तेथे तर सर्वच तूस मोकळे आहे. एक सावधगिरी मात्र सांगितलीच पाहिजे: तुसाबरोबर तणसाला कोणी हात घालू नये. तणस हा झाडीपट्टीतल्या गुरांचा वर्षभराचा चारा आहे आणि तो पेलेटांच्या कारखान्याकडे वळला तर त्याचा भार गोठ्यावर पडेल.

आमची या अंकापुरती मागणी अगदी लहान आहे. या हंगामात प्रत्येक मिलने रोजकीर्दीत तीन रकाने वाढवावेत: जाळलेल्या तुसाचे वजन, धुराड्यातील वायूचे तापमान आणि त्या दिवशी भरडलेले धान. तापमापी काही हजार रुपयांत येते, काटा आवारात बहुधा आधीपासूनच आहे. मिलचे नाव न देता हे आकडे आमच्याकडे पाठवले तर फाल्गुनच्या अंकात त्यांचा तक्ता छापू, म्हणजे एका टनामागे कोणाचे १२० किलो तूस जळते आणि कोणाचे २०० हे शेजाऱ्याला शेजाऱ्याकडूनच कळेल. पहिल्या आठवड्यातले आकडे गाळू नयेत. धान तेव्हा सर्वांत ओले असते.