मापट्यांचे गणित

आमच्या वडीलधाऱ्या वाचकांस कोठीतील कोळवे, चिपटे, मापटे आणि शेर ही मापे आठवत असतील. प्रत्येक माप मागल्याच्या दुप्पट; म्हणजे कोळव्याच्या हिशेबाने १, २, ४ आणि ८. ही चार मापे प्रत्येकी एकदाच भरली, तरी १ पासून १५ कोळव्यांपर्यंत हवे तेवढे धान्य मोजता येई. आणि तेही प्रत्येक वेळी एकाच रीतीने, दुसऱ्या नव्हे.

हेच गणित आयफोनसाठी अ‍ॅप रचणारास आज उपयोगी पडते. पडद्यावरील बटणाशी जे जे घडते, त्यास तेथे ‘घटना’ म्हणतात. अ‍ॅपलच्या यूआयकिट या साधनसंचात बोट टेकले ही घटना १, लागोपाठ पुन्हा टेकले ती २, आणि बटणावरच बोट उचलले ती ६४. सारे आकडे दुपटीचे. म्हणून ६५ म्हणजे १ आणि ६४ या दोन घटना, तिसरा अर्थ संभवतच नाही.

आमच्या परिचयाच्या एका तरुणाने आजीच्या औषधासाठी असे एक बटण रचले. उजवीकडे सरकविले की ‘घेतले’, डावीकडे सरकविले की ‘लांबविले’, आणि वेळ टळली की ‘चुकले’. या स्वतःच्या घटनांस त्याने सरळ १, २, ३ असे आकडे दिले. परिणाम असा झाला की, आजीचे बोट नुसते बटणास लागताच घरात ‘घेतले’ अशी नोंद झाली, आणि त्याच क्षणी परगावच्या मुलास ‘चुकले’ असा निरोपही गेला! १ हा आकडा बोट टेकण्याचा आधीच होता. आणि ३ म्हणजे १ व २ यांची बेरीज. सूनबाई नोंदीवर विसंबल्या, मुलगा निरोपावर. गोळी मात्र डबीतच राहिली.

वस्तुतः अ‍ॅप रचणाराच्या स्वतःच्या घटनांसाठी यूआयकिटने चार स्थाने राखून ठेविली आहेत : १,६७,७७,२१६, ३,३५,५४,४३२, ६,७१,०८,८६४ आणि १३,४२,१७,७२८. त्यापलीकडील चार प्रणालीच्या स्वतःच्या उपयोगासाठी आहेत. तेथे पाऊल टाकू नये. चाराहून अधिक घटना हव्या असल्यास निराळा मार्ग धरावा. तरुणाने पहिली तीन स्थाने घेतली आणि घोटाळा मिटला.

आपल्या घरातील मुलगा वा मुलगी असे काही रचीत असेल, तर वडिलांनी दोनच प्रश्न विचारावेत : तुझा आकडा दुपटीचा आहे ना? आणि तो आधीच दुसऱ्या कोणाचा नाही ना?